हंगामी माणूस

मिशेल प्लाटिनी फ्रान्सचा. पण २७ नोव्हेंबर १९८८ रोजी तो चक्क कुवेतच्या जर्सीत सोव्हिएत संघाविरुद्ध एक मैत्रीपूर्ण सामना खेळला. जेमतेम २० मिनिटं. तेव्हा तो फ्रान्सचा प्रशिक्षकसुद्धा होता!

कुवेतमध्येच १९७७ साली एका भारतीय पंजाबी कुटुंबात जन्मलेल्या मुलाचा प्लाटिनी म्हणजे देव. एका शिबिरात त्याला हा देव भेटलाही. आखाती युद्धानंतर कुटुंब भारतात आलं आणि तो मुलगा, खालिद जमील, मुंबईचा झाला. आम्हा मिरजकरांना याचं नवल वाटू नये. कैरान्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांना मिरजेचेच मानून आपल्या किती पिढ्या गेल्या.

मधल्या फळीत तो महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला, भारताकडूनही खेळला. दुखापतींनी मात्र पिच्छा सोडला नाही. २००९ साली, बत्तिशीत, तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू कमी. काम एकच, खालच्या श्रेणीत घसरायचं नाही. हे बिनकौतुकाचं काम त्याने सात वर्षं केलं. तो गेला आणि पुढच्याच हंगामात संघ तळाला गेला.

तो गेला होता मिझोरामला. ऐझॉल एफसी आदल्या हंगामात आय-लीगमधून बाहेर पडलेला, कसाबसा परत घेतलेला संघ. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलमध्ये त्यांनी मोहन बागानला १-० हरवलं. आठ दिवसांनी शिलाँगला शेवटचा सामना. बरोबरी पुरेशी होती, पण नवव्या मिनिटालाच गोल बसला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने तो फेडला. १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग पहिल्यांदाच जिंकली होती.

एवढं केल्यावर आयएसएलचे दरवाजे उघडायला हवे होते. पण तिथे मुख्य प्रशिक्षक परदेशीच, असा अलिखित नियम. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा जमीलला बसवलं ते ‘हंगामी’ म्हणून. त्याने न हरता संघ प्लेऑफमध्ये नेला. मगच त्याला कायम केलं. आयएसएलमध्ये हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. मला यात आनंदापेक्षा लाजच जास्त वाटते, कारण तोवर लीग सात हंगाम जुनी होती.

भारतीय संघाचंही तेच. २०१२ साली गोव्याच्या सावियो मेदेरानंतर कोव्हरमान्स, कॉन्स्टंटाइन, स्टिमाच, मार्केझ. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील आला. महिनाभरात ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवून ‘काफा’ नेशन्स कपचं कांस्य आणलं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या सामन्यांत गळा फोडणारी आमची दोस्तमंडळी तेव्हा पहिल्यांदा मोबाईलवर भारताच्या मॅचच्या लिंका पाठवू लागली.

१४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूर. छांगतेने सुरुवातीलाच गोल मारला, पण मध्यंतराच्या आत बरोबरी आणि नंतर १-२. आशिया कपचं दार बंद. लगेच ‘परदेशी आणा’ सुरू झालं. प्लाटिनीच्या फ्रान्सनेही १९९२ च्या युरोची पात्रता फेरी आठपैकी आठ सामने जिंकून पार केली होती आणि मुख्य स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. त्याने राजीनामा दिला. त्याच्या जागी फ्रान्सने आणला तो आणखी एक फ्रेंच माणूसच.