तीन लेखक, एक प्रश्न

नशिराबादजवळचं आसोदे हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी शेतात आणि जात्यावर सुचायची. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने जेवढी कागदावर उतरवली तेवढीच उरली, आणि त्यांतून 1952 चं पुस्तक झालं. बाकीची बहिणाबाईंसोबत गेली. आज खानदेशातली मुलं पुण्याच्या ज्या सॉफ्टवेअर टीममध्ये कामाला जातात, तिथेही जुना सहकारी नोकरी सोडतो तेव्हा कोडमागची कारणं अशीच निघून जातात. मग ‘एकमेकांना सांगत चला’ असा उपदेश होतो. पण उपदेशाने ही सवय लागत नाही. तिला राखून ठेवलेला वेळ लागतो आणि मतभेद लिहून ठेवायची जागा लागते. खानदेशातल्याच अमळनेरचा इतिहास मला याचाच पुरावा वाटतो.

गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. अभ्यासकांना विद्यावेतन आणि राहायला जागा मिळे, म्हणजे एकत्र विचार करणं हेच त्यांचं काम होतं. 1925 मध्ये ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक सुरू झालं. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1933 चं ‘अज्ञान’ हे पुस्तक. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी वेदान्तातल्या या एकाच संकल्पनेची आपापली मांडणी केली आणि तिन्ही मांडण्या एकाच पुस्तकात शेजारी-शेजारी छापल्या. एकमत होईपर्यंत ते थांबले नाहीत आणि कोणी वरिष्ठ म्हणून दुसऱ्याचं मत गाळलंही नाही. सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या, म्हणजे कोड रिव्ह्यूच्या, वेळी अनेकदा नेमकं हेच हरवतं: बदल मंजूर झाला एवढीच नोंद उरते, कोणाचा आक्षेप होता आणि तो का मागे पडला हे पुढच्याला कळत नाही.

तत्त्वज्ञांना डेडलाइन नव्हती, असं कोणी म्हणेल. खरं आहे; पण ती फुरसत आपोआप आलेली नव्हती, गिरणीच्या पैशातून जाणीवपूर्वक विकत घेतलेली होती. शिवाय त्याच गावात 1924 ते 1930 प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी वसतिगृह सांभाळून मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत; म्हणजे रोजच्या कामाच्या रगाड्यातही लिहिण्यासाठी वेळ राखता येतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मंदिरातली चर्चा मुख्यतः इंग्रजीत, मूठभर विद्वानांपुरती होती. हे मान्यच करायला हवं. आसोद्याच्या जात्यावरचं शहाणपण त्या त्रैमासिकापर्यंत पोचण्याची वाटच नव्हती, आणि टीममध्येही टेस्टिंग किंवा सपोर्टवाल्यांचं म्हणणं जिथे लिहिलं जात नाही तिथे तीच भिंत उभी असते.