कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व

उद्योगाचा समाजावर व पर्यावरणावर होणारा परिणाम नियोजनातच विचारात घेण्याची आणि नफ्याचा काही वाटा लोकोपयोगी कामांना देण्याची कंपन्यांवरील जबाबदारी. भारतात तिची मुळे कायद्याहून जुनी आहेत. जमशेदपूरच्या टाटा पोलाद कारखान्यात आठ तासांचा कामाचा दिवस १९१२ मध्येच लागू झाला; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखान्यासोबत कामगारांची वसाहतही वसवली.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने या परंपरेला सक्तीचे रूप दिले. हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्चावे लागतात. शिक्षण, आरोग्य, पर्यावरणरक्षण, ग्रामविकास ही त्यांतील काही क्षेत्रे. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. सुरुवातीला खर्च न झाल्यास संचालक मंडळाने अहवालात कारण दिले की भागत असे. २०२१ पासून न खर्चलेली रक्कम विशेष खात्यात किंवा शासकीय निधीत भरावी लागते.

कायद्याची खरी उणीव अशी, की तो नफा वाटण्याविषयी बोलतो. नफा कसा मिळवला याविषयी फारसे नाही. शाळेला संगणक देणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी नदीत जात असले, तरी हे कलम त्याला अडवत नाही. ही बाजू भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’च्या नियमांत येते : बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, उत्सर्जन व कामगार यांचा तपशील दरवर्षी जाहीर करावा लागतो.