थोरला चिखलदरा

इंग्रजांनी वसवलेल्या डोंगरी गावांची वंशावळ मांडायची झाली, तर चिखलदऱ्याला वडीलधाऱ्यांच्या पंगतीत पाट द्यावा लागेल. हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला १८२३ मध्ये. महाबळेश्वरला मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याचे आरोग्यधाम उभे राहायला तेव्हा पाच-सहा वर्षे अवकाश होता, माथेरान ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याच्या नजरेस पडले ते थेट १८५० मध्ये. पचमढीचे नाव गाजले ते त्याहूनही नंतर. आणि तरीही अमरावती-अकोल्याबाहेरच्या कितीतरी मराठी माणसांना चिखलदरा नकाशावर शोधावा लागतो.

रॉबिन्सन येण्याआधी पठार काही रिकामे नव्हते. मेळघाटच्या जंगलात कोरकू होते, माथ्यावरच्या कुरणांत गवळ्यांची गुरे चरत होती. शेजारच्या गाविलगडाने तर आपले नावच गवळ्यांकडून घेतले, असे सांगतात. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास इथे पक्का किल्ला बांधला. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याने १४८८ मध्ये त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावरचा दोन तोंडांचा गंडभेरुंड आजही मान वर करून पाहावा असा आहे. ‘पॉइंट’ उरकण्याच्या घाईतले बहुतेक प्रवासी मात्र तो न पाहताच परततात.

गडाची खरी गोष्ट डिसेंबर १८०३ ची. आडगावच्या लढाईत नागपूरचे दुसरे रघूजी भोसले इंग्रजांकडून हरले आणि त्यांची उरलीसुरली फौज गाविलगडावर जमली. पाठीवर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली होताच. दक्षिणेकडून पाहिले तर गड म्हणजे सरळ कडा. तोफा त्या बाजूने चढणे अशक्य. उत्तरेला मात्र अरुंद मानेसारखी वाट गडाला पठाराशी जोडते. म्हणून वेलस्लीने दक्षिणेला हुलकावणी ठेवली आणि कर्नल स्टीव्हन्सनला अवजड तोफांसह डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडे धाडले. सुमारे ३० मैलांची ही वाट शिपायांना रान तोडून स्वतः पाडावी लागली आणि कित्येक ठिकाणी तोफा हातांनी ओढाव्या लागल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या भगदाडातून फौज आत घुसली, पण आतला तट शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. लगेच दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांना वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड व ओरिसातले कटक सोडावे लागले.

गाविलगड तेवढा तहात भोसल्यांकडेच राहिला. तो निजामाकडे गेला १८२२ मध्ये, इंग्रज-भोसले यांच्या पुढच्या युद्धानंतर. पुढच्याच वर्षी निजामाच्या फौजेतला इंग्रज अधिकारी इथे का उगवला, याचे उत्तर या तारखेतच आहे. खाली एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, छावणी पडली. तिथल्या गोऱ्यांना उन्हाळ्यात सुमारे ११०० मीटर उंचीवरची हवा हवीच होती. किल्ल्याचे महत्त्व जसजसे ओसरले, तसतसे बंगल्यांचे वाढले. १८५८ मध्ये तात्या टोपे गाविलगडाचा आसरा घेतील या धास्तीने इंग्रजांनी त्याची संरक्षक बांधकामे पाडून टाकली.

मग थोरला असून चिखलदरा मागे का पडला? त्याला सरकार मिळाले नाही, हे त्याचे मोठे कारण. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर महाबळेश्वरला जात, तेव्हा त्यांच्यामागून दफ्तरे, रस्ते, बाजार आणि बड्या घरांचे बंगले आपोआप वर चढत. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असला तरी कागदोपत्री निजामाचाच. स्वतःचा गव्हर्नर त्याला कधी लाभला नाही. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. पण त्या प्रांताच्या सरकारची उन्हाळी राजधानी आधीच पचमढीला होती. चिखलदऱ्याकडे उरले जिल्ह्याचे साहेब, मिशनरी आणि वऱ्हाडातली काही सधन घरे.

आगगाडीही पायथ्यापर्यंतच आली. मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुरू झाली. माथेरानच्या गाडीसारखी घाटात ती कधी शिरली नाही, आणि आता तर सपाटीवरही धावत नाही. भोवतालचे जंगल इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच राखीव केले होते. पुढे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचे नाव आले. गाव मनाला येईल तसे पसरले नाही, यात या जंगलाचा वाटा मोठा आहे. ते एका परीने बरेच झाले, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात राखीव जंगलाचे नियम ज्यांच्या शेती-गुरांवर आले, त्या कोरकूंचे मत वेगळे असू शकते.

इंग्रजांच्या काळात इथे कॉफीही लावली गेली. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतात, पण बागा थोड्या आणि पीक बेताचे. जवळच्या मोथा गावातल्या गवळ्यांचा खवा मात्र जोरात खपतो, आणि अलीकडे त्याच भागातल्या शेतांवर स्ट्रॉबेरीही दिसू लागली आहे.