न मेलेली कॅथरीन

फ्रान्स्वा त्रुफोचा 'झ्यूल ए जिम' लागला जानेवारी 1962 मध्ये. त्रुफोला तीस पूर्ण व्हायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे बाकी होते! ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं हे बरं, कारण खाली शेवटासकट सगळं फोडणार आहे.

गोष्ट तशी दोन ओळींची. पहिल्या महायुद्धाच्या आधीचं पॅरिस. ऑस्ट्रियन झ्यूल आणि फ्रेंच जिम, जिवाभावाचे दोस्त. दोघांच्या आयुष्यात कॅथरीन येते (झान मोरो, दुसरं कोण!). ती झ्यूलशी लग्न करते. मग युद्ध होतं, दोघे मित्र समोरासमोरच्या सैन्यात, आणि दोघांनाही एकच भीती, की आपल्या गोळीनं आपलाच मित्र मरेल. युद्धानंतर जिम त्यांच्या घरी जातो. नवरा-बायकोचं फारसं जमत नाहीये हे त्याला दिसतं. आणि मग झ्यूल जे करतो ते आपल्याकडच्या कुठल्याही प्रेमत्रिकोणात सापडायचं नाही. तो जिमला सांगतो, तूच कर तिच्याशी लग्न, फक्त मला तिच्या आसपास राहू दे. त्यागबिग काही नाही हं यात. आपल्या सिनेमात असा प्रसंग आला की एक जण शाल पांघरून खोकत निघून जातो. इथे कोणीच निघून जात नाही. तिघं एका छपराखाली राहतात, डाव मांडतात, भांडतात, पोरीला खेळवतात.

हे काही फार काळ टिकत नाही. शेवटी एके दिवशी कॅथरीन जिमला गाडीत बसवते, झ्यूलला म्हणते आमच्याकडे नीट बघ, आणि गाडी सरळ तुटक्या पुलावरून नदीत घालते. झ्यूल दोघांची राख ठेवून एकटाच स्मशानातून बाहेर पडतो.

राऊल कुतारचा कॅमेरा, जॉर्ज दलेर्यूचं संगीत, मोरोच्या चेहऱ्यावर मध्येच गोठणारी फ्रेम, यावर भरपूर लिहून झालंय. मला त्यात भर घालायची नाही. मला बोलायचंय ते खऱ्या तिघांबद्दल. कारण ही गोष्ट घडलेली आहे, आणि सिनेमा व घडलेलं यांचा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या सवयीप्रमाणे 'डिफ' काढून पाहिला तर एक भलतीच गोष्ट दिसते.

जिम म्हणजे आंरी-पिएर रोशे, जन्म 1879. झ्यूल म्हणजे फ्रांझ हेसेल, 1880 चा, बर्लिनमध्ये वाढलेला ज्यू लेखक. कॅथरीन म्हणजे हेलेन ग्रुंड, 1886 ची, बर्लिनची चित्रकार. म्हणजे मूळची बाई जर्मन होती, सिनेमात ती फ्रेंच झाली. आणि झ्यूल ऑस्ट्रियन झाला, ज्यू असल्याचा तर उल्लेखच नाही. हा पहिला बदल लक्षात ठेवा.

रोशे हा अफलातून माणूस. स्वतः चित्रकार व्हायला निघालेला, झाला सगळ्यांना सगळ्यांशी गाठ घालून देणारा. गर्ट्रूड स्टाइनची पिकासोशी ओळख त्यानंच करून दिली. युद्धात तो खंदकातबिंदकात नव्हताच. 1916 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे मार्सेल द्यूशाँबरोबर एक छोटं नियतकालिक काढण्यात रमला. तेव्हा मित्राला गोळी लागेल ही सिनेमातली भीती फार सुंदर असली तरी... असो. सैन्यात होता तो हेसेल.

आणि मराठी माणसानं कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे हाच रोशे 1930 च्या दशकात इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा कलाविषयक सल्लागार होता! शिल्पकार ब्रांकुशीशी महाराजांची गाठ त्यानंच घालून दिली. महाराजांनी ब्रांकुशीचे तीन 'अवकाशातले पक्षी' घेतले, एक ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. त्यांच्यासाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचा बेत होता, ब्रांकुशी त्यासाठी इंदूरपर्यंत येऊनही गेला. मंदिर झालं नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. अहिल्याबाईंच्या गादीवरचा राजा आणि 'जिम' एका खोलीत बसून शिल्पांवर बोलताहेत, ही कल्पना मला जाम आवडते.

पण मूळ मुद्द्याकडे येऊ. हेसेल आणि रोशेची दोस्ती पॅरिसमधली, 1906 पासूनची. हेलेन त्यांना भेटली ती 1912 मध्ये, आणि 1913 मध्ये तिनं हेसेलशी लग्न केलं. दोन मुलगे झाले, उलरिश आणि स्टेफान. (सिनेमात एकच मुलगी आहे.) 1920 मध्ये रोशे म्युनिकजवळच्या होहेनशेफ्टलार्न या गावी त्यांच्याकडे गेला आणि तिथून पुढे ते सगळं सुरू झालं. हेलेन आणि हेसेल यांचा घटस्फोट झाला, आणि वर्षभरात त्यांनी एकमेकांशीच पुन्हा लग्न केलं! तिघांनी आपापली बाजू लिहावी आणि त्यातून एक पुस्तक व्हावं असा बेतही होता. हेलेननं लिहिलेली रोजनिशी 1991 मध्ये छापून आली. ती वाचली की कळतं, सिनेमातली कॅथरीन ही दोन पुरुषांनी पाहिलेली बाई आहे. लहरी, वाऱ्यासारखी, समजायला अवघड. रोजनिशीतली हेलेन समजायला मुळीच अवघड नाही. तिला रोशेपासून मूल हवं होतं, तो टाळत राहिला, आणि ती ते सगळं अंगावर घेत राहिली. 1933 मध्ये तिला कळलं की याला दुसऱ्याच बाईपासून एक मुलगा आहे. संबंध तिथेच तुटले, कायमचे.

साल बघितलंत ना? 1933. सिनेमात या सालाला काही सेकंद मिळालेत. थिएटरात वार्तापट चालू असतो, त्यात पुस्तकांची होळी दिसते, बस. त्यानंतर गाडी आणि पूल. म्हणजे त्रुफोनं इतिहासाला दारापर्यंत आणलं आणि तिथूनच परत पाठवलं.

खऱ्या झ्यूलच्या वाट्याला तो आत आला. हेसेल म्हणजे बर्लिनच्या रस्त्यांवर निवांत भटकण्यावर 1929 मध्ये अख्खं पुस्तक लिहिणारा माणूस, वाल्टर बेन्यामिनबरोबर प्रूस्तचे खंड जर्मनमध्ये आणणारा. नाझी आले तरी तो बर्लिन सोडेना. रोवोल्ट प्रकाशनात गुपचूप काम करत राहिला. 1938 मध्ये त्याला तिथून बाहेर काढून पॅरिसला आणलं ते कोणी? हेलेननं! जिच्याबद्दल आपला समज असा की तिला फक्त जाळता आणि बुडवता येतं. पण फ्रान्स तरी कुठे सुरक्षित होता? 1940 मध्ये फ्रेंचांनीच त्याला 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून एक्सजवळच्या ले मीलच्या छावणीत डांबलं. ती छावणी म्हणजे एक जुना कौलांचा कारखाना. सुटला तेव्हा प्रकृती संपली होती. 6 जानेवारी 1941 ला सानारी या समुद्रकाठच्या गावी तो गेला.

आता डिफ बघा. सिनेमात कॅथरीन आणि जिम मरतात, झ्यूल उरतो. प्रत्यक्षात झ्यूल सगळ्यात आधी गेला आणि उरले ते ते दोघं. अगदी उलटं. मला वाटतं याचं मूळ त्रुफोत नाही, रोशेत आहे. हेसेल गेल्यानंतर, युद्ध चालू असतानाच, रोशेनं ही कादंबरी लिहायला घेतली. ती छापून आली 1953 मध्ये, त्याच्या वयाच्या 74 व्या वर्षी, पहिलीच कादंबरी! गेलेल्या मित्राला कागदावर जिवंत ठेवायचं आणि स्वतःला बुडवायचं, असा तो सौदा असावा. बाईला मात्र न विचारता बरोबर नेलं. इथे रोशेवर माझा राग आहे, आणि मित्रासाठी त्यानं जे केलं त्याबद्दल आदरही. दोन्ही एकदम.

पुस्तक फारसं खपलं नाही. त्रुफोला ते जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. पुढे एका अमेरिकन वेस्टर्नच्या परीक्षणात त्यानं त्याचा उल्लेख केला, तो वाचून रोशेनं त्याला पत्र पाठवलं आणि दोस्ती जमली. एप्रिल 1959 मध्ये रोशेला मोरोचे फोटो पोचले, हिला भेटायचंय असं त्यानं कळवलं, आणि काही दिवसांतच तो वारला. सिनेमा त्यानं पाहिलाच नाही.

पाहिला तो हेलेननं. पंच्याहत्तरी गाठलेली बाई, पॅरिसमध्येच राहणारी, कोणालाही न सांगता जाऊन बसली आणि स्वतःला पुलावरून पडताना बघून आली. मग तिनं त्रुफोला पत्र लिहिलं, की मीच ती, कादंबरीतली. रागाचं पत्र नव्हतं ते. जे इतक्या आतलं होतं ते तुमच्यापर्यंत पोचलं कसं, याचं तिला नवल वाटलं होतं.

गाडी नदीत गेली नसती तर कॅथरीननं पुढे काय केलं असतं, याचं उत्तर त्यामुळे आपल्याकडे आहे. ती 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग'साठी पॅरिसहून फॅशनवर लिहायची. युद्धानंतर तिनं भाषांतरं केली. नाबोकोव्हची 'लोलिता' 1959 मध्ये जर्मनमध्ये आली, तिच्या भाषांतरकारांत हेलेन हेसेल हे नाव आहे. धाकटा स्टेफान द गॉलच्या प्रतिकारात गेला, गेस्टापोनं पकडून बुखेनवाल्डला धाडला, दुसऱ्याच एका मेलेल्या कैद्याचं नाव घेऊन वाचला आणि पुढे फ्रान्सचा मुत्सद्दी झाला. 2010 मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्यानं 'संतापा!' अशा अर्थाच्या नावाची एक चिमुकली पुस्तिका काढली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. आई ते बघायला नव्हती. ती 1982 मध्ये पॅरिसला वारली, 96 व्या वर्षी.