तेरणेचं पाणी कुठं जातं?

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, मग त्याच्या कचऱ्याचं आपल्याला काय, असं गटाच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं.

दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या तेरचं, म्हणजे तेव्हाच्या तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं. गाडीवाट मोडली, पाण्याची वाट आहेच. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. पुरात वाहिलेली कॅरीबॅग कुठं बंधाऱ्यात अडकते, कुठं पुढं जाते.

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचा थर गुडघ्याच्याही वर गेला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर, दोघंच तो उचलायला लागले. चौऱ्याऐंशी वर्षं, बरं का! हळूहळू कोळी आले, वस्तीतले लोक आले, शाळेची पोरं आली. मार्च २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघून समुद्रात गेली. कित्येक वर्षांनी हे घडलं.

पण दर पावसाळ्यात लाटा नवा कचरा आणून टाकायच्या. किनारा झाडून भागेना. मग ही मंडळी उलटी वर सरकली, मिठी नदीत उतरली. कचरा येतो तिथंच त्याला धरायचं.

हे ऐकून काकूच म्हणाल्या, "आपल्या पुलाखाली कुणाचं गं?" बघून आलो. संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्या होत्या. आमच्याच.