कार्डस, सर नेव्हिल
कार्डस, सर नेव्हिल : (एप्रिल १८८८ – २८ फेब्रुवारी १९७५). विख्यात इंग्रज क्रीडापत्रकार, ग्रंथकार व संगीतसमीक्षक. क्रिकेटच्या वृत्तलेखनास वाङ्‌मयीन दर्जा प्राप्त करून देणारा लेखक म्हणून तो ओळखला जातो. जन्म मँचेस्टरमधील रशोम येथे. पितृछत्राच्या अभावी त्याचे बालपण आजोळी गेले. तेराव्या वर्षी शाळा सुटल्यावर त्याने किरकोळ कामे केली. पुढे एका विमा-कचेरीत कारकुनी केली. सार्वजनिक ग्रंथालयांतील वाचन आणि हॅले वाद्यवृंदाच्या मैफली यांवरच त्याची बौद्धिक जडणघडण झाली. १९१२ मध्ये तो श्रूझबरी येथील शाळेत क्रिकेटचा साहाय्यक प्रशिक्षक झाला.

१९१७ मध्ये त्याने मँचेस्टर गार्डियन  या दैनिकात प्रवेश केला. १९१९ मध्ये एका आजारातून उठल्यावर मोकळ्या हवेचा लाभ व्हावा, म्हणून त्यास ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील क्रिकेटचे वृत्त लिहिण्यास पाठविण्यात आले. त्यातूनच ‘क्रिकेटर’ या टोपणनावाने त्याचे क्रीडालेखन सुरू झाले. धावा व बळी यांच्या नोंदीपेक्षा खेळाडूची शैली, त्याचा स्वभाव व मैदानावरील वातावरण यांच्या चित्रणावर त्याने भर दिला. १९२७ पासून तो त्याच दैनिकाचा प्रमुख संगीतसमीक्षकही होता; त्यामुळे त्याच्या क्रीडालेखनात संगीतातील उपमा विपुल आढळतात. वेस्ट इंडीजमधील लेखक सी. एल. आर्. जेम्स यास १९३३ च्या सुमारास या दैनिकात क्रिकेटविषयक लेखनाची संधी त्याच्यामुळेच मिळाली. १९४० ते १९४७ या काळात त्याचे वास्तव्य ऑस्ट्रेलियात होते.

डेज इन द सन  (१९२४), द समर गेम  (१९२९), गुड डेज  (१९३४) हे त्याचे क्रिकेटविषयक लेखसंग्रह, टेन कंपोझर्स  (१९४५) हा संगीतविषयक ग्रंथ आणि ऑटोबायोग्राफी  (१९४७) हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहेत.

त्याच्या लेखनातील तपशील मात्र सर्वत्र विश्वसनीय नाहीत. यॉर्कशरचा खेळाडू एमट रॉबिन्सन याच्या तोंडी घातलेले काही उद्गार आपण स्वतःच रचल्याचे त्याने मान्य केले होते. व्यक्तिरेखेतील आंतरिक सत्य हे शब्दशः सत्याहून मोलाचे, अशी त्याची धारणा होती. त्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्याचे लेखन पारखून घ्यावे लागते. तथापि धावफलकात न उमटणारे खेळाचे रूप शब्दांत पकडता येते, हे त्याने सिद्ध केले. औपचारिक पत्रकारितेचे शिक्षण नसलेल्या या लेखकाचा प्रभाव पुढील पिढीतील क्रीडालेखकांवर पडला.

१९६७ मध्ये त्यास ‘सर’ हा किताब मिळाला. १९७०-७१ मध्ये तो लँकाशर काउंटी क्रिकेट क्लबचा अध्यक्ष होता. लंडन येथे त्याचे निधन झाले.