बसऱ्याच्या भिंतीवरील आकडे

सातारा, कोकण आणि त्यांच्या आसपासच्या मुलखातील काही गावांत संगमरवराची एक लहानशी पाटी आजही आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तीवरील मजकूर. नाव एकाचेही नाही. ही माणसे कोठे पडली, याचा शोध घेऊ लागलो की आपण पुष्कळदा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जाऊन पोहोचतो.

१९१४ च्या नोव्हेंबरात सहाव्या पुणे डिव्हिजनचे सैन्य फाव येथे उतरले आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. मूळ हेतू मर्यादित होता. इराणमधील तेलाचे रक्षण हा त्यातील प्रमुख. परंतु सोप्या विजयांनी वरिष्ठांना बगदादचा मोह पडला. पुरेशा नौका नाहीत, रसद नाही, इस्पितळे नाहीत, अशा स्थितीत जनरल टाउनशेंड यांचे सैन्य टायग्रिस नदीच्या काठाने पुढे ढकलले गेले. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी सुरू झालेल्या टेसिफोनच्या लढाईत सुमारे ४,६०० माणसे मृत वा जखमी झाली. जखमींना खडखडत्या गाड्यांतून नदीवर आणले गेले आणि तेथून उघड्या पडावांतून बसऱ्याकडे धाडले गेले. त्यांच्या हालांची नोंद १९१७ च्या सरकारी चौकशी अहवालातच आहे. त्या अहवालानंतर भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

माघार घेतलेले सैन्य कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडले. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोड्यांचे मांस वाटले जाऊ लागले. बहुतेक हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते नाकारले. उपासमार आणि रोग यांनी ते खंगत गेले. सुटकेसाठी आलेल्या सैन्याचे सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली. त्यापुढे वाळवंटातील पायपीट, रास-अल-ऐन येथील रेल्वेमार्गावरील मजुरी, आणि हजारोंच्या नशिबी अज्ञात मृत्यू.

बसऱ्याचे स्मारक १९२९ साली उभे राहिले. ज्यांची थडगी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांवर मृतांसाठी ते आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावापुढील एकत्रित आकडा आला. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली जाहीर क्षमा मागितली.

परक्या साम्राज्यासाठी भाडोत्री लढलेल्यांचे स्मरण कशाला, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. तो सर्वस्वी पोकळ नाही. ही लढाई आपल्या देशाची नव्हती. परंतु महिना ११ रुपयांवर पलटणीत गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने बगदादचा बेत आखला नव्हता. त्याने फक्त त्याची किंमत मोजली. साम्राज्याचा गौरव न करताही त्या माणसाची आठवण ठेवता येते. उलट, त्याला निनावी ठेवणे म्हणजे साम्राज्याचाच हिशेब पुढे चालविणे होय.

शासकीय दफ्तरात आयुष्य घालविल्यामुळे आम्हाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: आकड्यामागे कोठेतरी नावांची यादी असतेच. युद्धातील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मृताच्या घरी त्याचे नाव असलेली काशाची मोठी चकती पाठविली जात असे. अशा कित्येक वस्तू मोडीत गेल्या. काही अद्याप ट्रंकांच्या तळाशी असतील. मराठा रेजिमेंटचे केंद्र असलेल्या आमच्या बेळगाव परिसरात तर त्या असण्याचा संभव अधिक.

वाचकांनी आपल्या घरात, आजोळी, गावच्या वाड्यांत विचारपूस करावी. पदकाच्या कडेवरील अक्षरे भिंगाने वाचून उतरवून घ्यावीत. गावच्या पाटीवरील आकड्याशेजारी नावे लिहिण्याचे काम इंग्लंडमधील आयोगाने नव्हे, आपणच करावयाचे आहे.